पोकोयो: आईबाबा, बालवाडीताई आणि अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकोयो म्हणजे नेमकं काय?

माद्रिदच्या झिंकिया एंटरटेनमेंट या स्टुडिओत जन्मलेली, शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठीची थ्रीडी अ‍ॅनिमेशन मालिका. गियेर्मो गार्सिया कार्सी, दाविद कांतोया आणि लुइस गायेगो हे तिचे निर्माते. २००५ मध्ये ती पहिल्यांदा टीव्हीवर आली. एक भाग साधारण ७ मिनिटांचा, आणि पहिल्या दोन पर्वांत प्रत्येकी ५२ भाग. २००६ मध्ये फ्रान्समधल्या आनेसी अ‍ॅनिमेशन महोत्सवात टीव्ही विभागाचा क्रिस्टल पुरस्कार तिला मिळाला. त्याच वर्षी ब्रिटनचा बाफ्टा बालपुरस्कारही मिळाला. हक्क आता पॅरिसच्या अ‍ॅनिमाज कंपनीकडे आहेत.

निळ्या कपड्यांतला, निळी टोपी घातलेला एक लहानगा, त्याचे मित्र आणि पडद्याबाहेरून बोलणारा एक निवेदक, एवढाच पसारा. घर नाही, रस्ता नाही, बहुतेक वेळा क्षितिजसुद्धा नाही. पांढऱ्या पोकळीत गोष्ट घडते.

पात्रं कोणकोण?

पातो हा पिवळा बदक, डोक्यावर इवलीशी हिरवी टोपी. शिस्तीचा, चटकन वैतागणारा. एली ही गुलाबी हत्तीण. स्कूटर चालवते, बॅले नाचते, आणि आपलंच खरं करायची सवय तिला आहे. लूला ही पोकोयोची कुत्री. कायम पेंगणारी मोठी पक्षीण आणि तिच्यासोबतचं पिल्लू, फ्रेड नावाचा ऑक्टोपस, व्हॅलेंटिना ही सुरवंट आणि अधूनमधून येणारा रागीट परग्रहवासी. चौथ्या पर्वात नीना ही मुलगी आणि तिचा रोबो रोबेर्तो आले. सुरुवात करताना पहिली तिघंच ओळखीची झाली तरी भागतं.

पार्श्वभूमी पांढरी का? पैसे वाचवायला?

पैसे वाचतात हे खरं. झाडं, घरं, डोंगर घडवायचे नाहीत, त्यांच्यावर प्रकाश टाकायचा नाही, रेंडरचा, म्हणजे संगणकानं अंतिम चित्र काढण्याचा, वेळ कमी. पण तेवढंच कारण असतं तर पांढऱ्यावर केलेली कुठलीही मालिका पोकोयोइतकी चालली असती.

दोन वर्षांच्या मुलाची नजर पडद्यावर भिरभिरते. मागे पाच हलत्या वस्तू असतील तर गोष्टीतली महत्त्वाची वस्तू कोणती हे त्याला ठरवता येत नाही. इथे पडद्यावर चेंडू आला तर चेंडूच आहे, दुसरं बघायला काही नाही. वस्तू लागेल तेव्हा येते, काम झालं की निघून जाते. शिवाय मागे काही नसल्यामुळे प्रत्येक पोझ लांबूनही वाचता येते: पातो वैतागलाय हे त्याच्या नुसत्या आकृतीवरून कळतं.

पांढऱ्याची किंमत मात्र अ‍ॅनिमेटरला मोजावी लागते. चुकीची पोझ, तरंगणारा पाय, अर्धवट हालचाल लपवायला मागे काहीच नसतं. या मालिकेची खरी करामत रिकाम्या जागेत आहे असं आम्हाला वाटतं, आणि ती जागा बोलणाऱ्या माणसासाठी सोडलेली आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच समजुतीवर बेतलेली आहेत.

निवेदक एवढा का बोलतो? पात्रं स्वतः का बोलत नाहीत?

पात्रं बहुतेक आवाज काढतात. पोकोयो मोजके शब्द बोलतो. वाक्यं निवेदकाची. इंग्रजीत पहिल्या दोन पर्वांना स्टीफन फ्राय यांचा आवाज आहे, स्पॅनिशमध्ये होसे मारिया देल रिओ यांचा. हा निवेदक वरून गोष्ट सांगून मोकळा होत नाही. तो पोकोयोला हाक मारतो, प्रश्न विचारतो, कधी दटावतो, आणि पोकोयो थेट आपल्याकडे बघून दाद देतो. मध्येच न दिसणाऱ्या मुलांचा घोळका उत्तरं ओरडतो. म्हणजे घरात मोठ्या माणसानं मुलाशेजारी बसून जे बोलायचं, त्याचा नमुनाच पडद्यावर आहे.

भाषांतराच्या दृष्टीनेही ही सोय मोठी. तोंडाच्या हालचालीशी शब्द जुळवण्याची कटकट जवळपास नाही, त्यामुळे निवेदनाचा एक आवाज बदलला की मालिका दुसऱ्या भाषेत गेली.

कुठलं पर्व आधी दाखवावं?

पहिलं आणि दुसरं. गोष्टी तिथेच सर्वांत बांधीव आहेत. पहिलाच भाग एका छत्रीभोवती फिरतो. तिसरं पर्व, ‘लेट्स गो पोकोयो’ (२०१०), शब्द शिकवण्याच्या हेतूनं केलेलं आहे आणि त्यात तो हेतू जरा डोकावतो. इंग्रजी शब्दांची ओळख हवी असेल तर ते बरं, पण गोष्टीची मजा हवी असेल तर आधीची पर्वं.

किती वयापासून आणि किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखाली पडदा नको, एक ते दोनमध्येही शिफारस नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच म्हणणं: दोन वर्षांखाली नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद, दोन ते पाचला तासाभराची मर्यादा.

तासाचं गणित पोकोयोत सोपं आहे. दोन भाग म्हणजे १४-१५ मिनिटं, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाला एका बैठकीत तेवढे पुष्कळ. तास ही वरची मर्यादा आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. जेवण भरवताना लावू नका. मूल गिळतं, पण पोट भरल्याची जाणीव त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि पुढच्या महिन्यात पडद्याशिवाय घास जात नाही.

बंद केलं की रडारड होते. उपाय?

‘दोन मिनिटांत बंद करणार हं’ ही ताकीद फारशी कामाची नाही. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की अशी ताकीद दिलेली लहान मुलं उलट जास्त चिडतात. व्हिडिओ आपोआप संपत असेल तिथे थांबणं त्यांना सोपं जातं. दोन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे काय तेच कळत नाही.

पोकोयोचा फायदा असा, की कितीतरी भाग शेवटी नाचात संपतात आणि प्रत्येक पात्राची नाचायची तऱ्हा वेगळी. तोच शेवट ठरवून टाका. नाच सुरू झाला की मूल उभं, तुम्हीही उभे, नाच संपला की मुलाच्याच हातानं बटण बंद. हे जमायचं असेल तर दोन गोष्टी आधी करा: आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद, आणि तासाभराचे एकत्र जोडलेले संच वर्ज्य. संचात नाचानंतर पाऊण सेकंदात पुढचा भाग सुरू होतो आणि शेवट नावाची गोष्टच उरत नाही. रडारडीचं मूळ बहुतेक वेळा मुलाच्या हट्टात नसून या संचात असतं.

यूट्यूबवर लावताना काय काळजी घ्यावी?

मुलांसाठीचं वेगळं अ‍ॅप, यूट्यूब किड्स, वापरा. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवलं की छोटं गणित विचारलं जातं. ते सोडवलं की पालकांचा भाग उघडतो. तिथे टायमर लावता येतो, शोधण्याची सोय बंद करता येते, आणि ‘फक्त मी मंजूर केलेलं’ हा पर्याय निवडला तर तुम्ही निवडलेल्या वाहिन्या आणि व्हिडिओच दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं.

साध्या यूट्यूबवर ओळखीच्या पात्रांचे चेहरे लावून भलतंच काही दाखवणारे व्हिडिओ २०१७ च्या सुमारास मोठ्या संख्येनं उघडकीला आले होते. बरेच काढले गेले, तरी नकला येतच असतात. वाहिनीचं नाव आणि नावापुढची खूण बघा. मुखचित्रावर लाल बाण, वटारलेले डोळे, दोन-तीन वेगवेगळ्या मालिकांची पात्रं एकत्र दिसली की तो व्हिडिओ सोडा. गाडीत दाखवायचं असेल तर आधी भाग उतरवून ठेवा. घाटात रेंज गेली की गोल फिरणारं चक्र दिसतं आणि मग रडणं.

बघून मूल बोलायला शिकेल का?

नुसतं बघून, नाही. अडीच-तीन वर्षांपर्यंतची मुलं समोरच्या माणसाकडून जेवढं शिकतात त्याहून पडद्यावरून बरंच कमी शिकतात. हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. पडदा उत्तराची वाट बघत नाही, चुकलं तर दुरुस्त करत नाही. शेजारी माणूस बसून बोलत असेल तर फरक पडतो.

दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल तर कार्टून बदलण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुधा आधी कानाची तपासणी सांगतील, ती टाळू नका.

घरी मराठीत कसं दाखवायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, विशेषतः न्यू जर्सी, लंडन, सिंगापूर, बंगळूरकडच्या घरांतून. उत्तर एकच: निवेदक तुम्ही व्हा.

आवाज पूर्ण बंद करू नका. बहुतेक ठिकाणी निवेदन, संगीत आणि पात्रांचे आवाज एकाच पट्टीत मिसळलेले असतात. आवाज बंद केला की पोकोयोचं खिदळणं आणि पडण्याचे आवाजही जातात आणि भाग निर्जीव होतो. त्यापेक्षा मुलाला अजिबात न समजणारी भाषा निवडा, स्पॅनिश उत्तम, आणि आवाज इतका कमी ठेवा की तुमचं हळू बोलणं त्याच्यावरून ऐकू यावं. कळत्या भाषेचं निवेदन मागे चालू असेल तर मूल तुमच्याकडे आणि पडद्याकडे आलटून पालटून लक्ष देतं आणि दोन्ही निसटतं.

आधी तो भाग एकट्यानं एकदा बघून घ्या. न बघता बोलायला बसलात तर प्रत्येक गोष्ट घडून गेल्यावर तुमचं वाक्य येतं, आणि मूल पुढे गेलेलं असतं.

मग बोलताना तीन पथ्यं. पहिलं, दिसतं तेच पुन्हा सांगू नका. ‘पोकोयो चालतोय, आता थांबला’ हे धावतं समालोचन झालं. न दिसणारं सांगा: त्याला काय वाटतंय, तो काय शोधतोय. दुसरं, प्रश्न विचारला की थांबा. मोठ्यांना तीन सेकंदांची शांतता लांबलचक वाटते, पण दोन वर्षांच्या मुलाला शब्द शोधायला चार-पाच सेकंद लागतात. गरज पडली तर भाग थांबवा. तिसरं, सात मिनिटांत अडीचशे-तीनशे शब्दांच्या वर जाऊ नका. गप्प राहणं हेही निवेदनच आहे.

नमुना म्हणून, मोठी पेटी समोर आल्याचा एखादा प्रसंग असेल तर एवढं पुरे:

‘अरे पोकोयो, हे काय रे? … हलवून बघतोयस होय! … खडखड वाजतंय. आत काय असेल गं, सई? … चेंडू? … बघू हं. पोकोयो, उघड बघू. … अगंबाई! हा तर पातो!’

पोकोयोला ‘तू’, पातोला ‘अरे’, एलीला ‘अगं’, मुलाला त्याच्या नावानं. ‘आता आपण पाहूया’ असली पाठ्यपुस्तकी वाक्यं नकोत. घरी वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलत असाल तर तीच बोला.

आवाजाच्या शब्दांची मराठीत चंगळ आहे आणि या मालिकेला ते फार लागतात: धपकन पडला, टुणकन उडाली, सुळकन पळाला, फुस्स झालं, डुलत डुलत आली, घरंगळत गेला. तोच भाग चौथ्यांदा लावलात की मूल ते शब्द तुमच्या आधी म्हणू लागतं. म्हणून रोज नवा भाग शोधू नका. आठवडाभर दोनच भाग पुरतात.

आजीच्या आवाजात निवेदन रेकॉर्ड करून ठेवता येईल का?

घरापुरतं, हो. आजी गावी आणि नातवंड परदेशात असेल तर चांगला उद्योग आहे.

भागाची वेळ टिपून घ्या: ०:१२ ला पोकोयो येतो, ०:३१ ला पातो, असं. प्रत्येक वेळेसमोर एकच वाक्य. मराठीत मुलांशी सावकाश बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणून चार सेकंदांच्या जागेत आठच्या वर शब्द बसवू नका. आजीला कागद वाचायला देऊ नका. वाचताना आवाज सपाट होतो. चित्र दाखवा आणि सांगायला लावा.

पंखा, फ्रिज आणि खिडकी बंद. कपाटात कपडे टांगलेले असतील तर त्याच्यासमोर बसवा, नाहीतर मागे गोधडी टांगा. उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर काढता येत नाही. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना श्वासाचा धक्का बसतो. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये ८० हर्ट्झखालची घरघर कापा, सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलपाशी आणा, झालं.

मूळ निवेदन काढून टाकायला आवाज वेगळे करणारे प्रोग्रॅम मिळतात. ते मानवी आवाज आणि संगीत वेगळं करतात, पण निवेदकाबरोबर पोकोयोचं हसणं आणि मुलांचा घोळकाही उचलतात. तेवढे तुकडे मूळ पट्टीतून परत जोडावे लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा मूळ आवाज निम्म्याहून खाली आणून वर आजीचा आवाज ठेवा. कान लगेच सरावतो.

बालवाडीत २०-२५ मुलांना दाखवावं का?

दाखवलंत तर एकच भाग, आणि तोही रोज नको. घोळक्यात मागची मुलं बघत नाहीत, ढकलाढकल करतात. पडदा लहान असेल तर आठ-दहांचे गट करा. त्यापेक्षा बरा उपयोग पडद्याशिवायचा आहे: जमिनीवर पांढरी चादर अंथरा, एक मूल पोकोयो, बाकीची घोळका, ताई निवेदक. चादरीवर एक बादली ठेवायची आणि विचारायचं, ‘हे काय असेल?’ टोपी, ढोल, होडी, गाडी, सगळं निघतं.

सात मिनिटांचा भाग बनवायला काय काय लागतं?

कथा, स्टोरीबोर्ड, मग चित्रं आणि कच्चा आवाज वेळेत बसवलेलं अ‍ॅनिमॅटिक. नंतर लेआउट (पात्रं आणि कॅमेरा कुठे ते ठरवणं), अ‍ॅनिमेशन, प्रकाशयोजना, रेंडर, कंपोझिटिंग (चित्राचे थर एकत्र जोडणं) आणि शेवटचा आवाज. पोकोयोसाठी सॉफ्टइमेज एक्सएसआय हा प्रोग्रॅम वापरला गेला. ऑटोडेस्कनं त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची काढून तो बंद केला.

आकडेमोड करून बघा. युरोपीय आणि भारतीय टीव्हीच्या हिशेबानं सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७ मिनिटांत १०,५०० फ्रेम. एका फ्रेमला रेंडरला ५ मिनिटं धरली तर एका संगणकावर ८७५ तास, साडेछत्तीस दिवस. वीस संगणकांवर ते काम ४४ तासांत होतं. रेंडर फार्म म्हणतात ते हेच. अ‍ॅनिमेटरचा वेग टीव्हीच्या थ्रीडी कामात दिवसाला साधारण ५ ते १० सेकंदांचा असतो. पार्श्वभूमी नसली म्हणून हा वेग वाढत नाही.

सर्वांत जास्त वेळ वाचतो तो अ‍ॅनिमॅटिकमध्ये. गोष्ट तिथे लांबली असेल तर कात्री लावायला एक दुपार पुरते. तीच चूक रेंडरनंतर सापडली तर आठवडा जातो.

ब्लेंडर या मोफत थ्रीडी प्रोग्रॅममध्ये अशी पांढरी दुनिया करून बघायची आहे. सुरुवात कुठून?

दहा सेकंदांपासून. २५० फ्रेम, एक पात्र, एक वस्तू, स्थिर कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर. कॅमेरा फिरवायचा मोह टाळा. पांढऱ्यात संदर्भ नसल्यामुळे कॅमेरा सरकला की पात्रच घसरल्यासारखं दिसतं.

आता पांढरं. नवशिके पांढरी जमीन ठेवून त्यावर दिवा टाकतात, आणि कडांना राखाडी ढग, मागे जमिनीची रेघ असा प्रकार होतो. कारण दिव्यापासून लांब गेलं की उजेड कमी होतो. त्याऐवजी सायकल्स हे रेंडर इंजिन निवडा, जमिनीच्या ऑब्जेक्टला व्हिजिबिलिटीमध्ये शॅडो कॅचर करा आणि रेंडरच्या फिल्म विभागात ट्रान्सपरंट चालू करा. जमीन नाहीशी होते, सावली तेवढी उरते. मग कंपोझिटरमध्ये अल्फा ओव्हर नोडनं खाली शुद्ध पांढरा रंग घाला.

इथे जवळपास प्रत्येक जण अडकतो: पांढरा घातला तरी पडद्यावर राखाडीच. दोष रंगाचा नाही. कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म एजीएक्स किंवा फिल्मिकवर असतो आणि तो उजळ भाग दाबतो. तो स्टँडर्ड करा.

दिवे दोन पुरतात: वरून एका बाजूनं मोठा मऊ एरिया लाइट आणि भोवतालचा पांढरा वर्ल्ड लाइट. वर्ल्ड लाइट फार वाढवला की सावली पुसली जाते आणि पात्र हवेत तरंगतं. पायाखालची ती एक इंचाची गडद सावली म्हणजेच या दुनियेतली जमीन. ती गेली की सगळं गेलं. पात्रानं उडी मारली की सावली फिकट आणि पसरट झाली पाहिजे, तरच उंची कळते.

पिवळं पात्र करणार असाल तर कडा पांढऱ्यात विरघळतील, कारण पिवळा उजळपणात पांढऱ्याच्या अगदी जवळ आहे. पिवळा थोडा नारंगीकडे न्या आणि प्रकाशाविरुद्धची बाजू गडद राहू द्या.

हालचाल लाकडी दिसते. काय चुकतंय?

बहुधा संगणकावर जास्त भरवसा. दोन पोझ दिल्या आणि मधलं त्यानं भरलं की सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटतं. आधी स्टेप्ड कीवर, म्हणजे संगणकाला मधलं भरू न देता, फक्त ठळक पोझ ठेवा: उभा, दबकला, उडाला, पडला, बघतोय. त्या क्रमानं उड्या मारत बघितल्या तरी गोष्ट कळली पाहिजे. कळत नसेल तर मधल्या फ्रेम भरून काही सुधारणार नाही. आणि प्रत्येक ठळक पोझ निदान १२ ते १५ फ्रेम धरून ठेवा. लहान मुलांना चेहरा वाचायला वेळ लागतो.

दाबताना-ताणताना आकारमान सांभाळा. पात्र उंचीला १.२ पट ताणलं तर रुंदी आणि जाडी दोन्ही ०.९१ पट करा. नाहीतर ते ताणल्यासारखं न दिसता मोठं झाल्यासारखं दिसतं.

मोठं डोकं, आखूड हात असा बांधा असेल तर हात डोक्यावर पोचतच नाहीत. टोपी घालायची म्हटली की अडलं. हातांच्या रिगमध्ये (पात्र हलवायच्या आतल्या सांगाड्यात) ताणण्याची सोय सुरुवातीलाच ठेवा. दोन-तीन फ्रेमपुरता हात लांबला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

रेंडर करून व्हिडिओ केला, सावलीत पट्टे आणि लुकलुक दिसते

दोन वेगळे आजार आहेत. लुकलुक डीनॉइझरची, म्हणजे चित्रातले दाणे पुसणाऱ्या सोयीची: कमी सॅम्पलवर (प्रत्येक ठिपक्यासाठी घेतलेले प्रकाशाचे नमुने) प्रत्येक फ्रेममध्ये तो मऊ सावलीचा वेगळा अंदाज बांधतो. स्थिर चित्राला ६४ सॅम्पल चालतात, हलत्या चित्राला २५६ पर्यंत जाऊन बघा. पट्टे आठ बिटांचे: पांढऱ्यातून फिकट राखाडीकडे जाणाऱ्या लांब उतारात छटा कमी पडतात, आणि कमी बिटरेटचा (सेकंदाला कमी माहिती साठवणारा) व्हिडिओ उरल्यासुरल्याही पुसतो. पोस्ट प्रोसेसिंगमधलं डिदर (छटांच्या सीमा मोडणारे बारीक ठिपके) १ ठेवा, अगदी बारीक कण मिसळा, बिटरेट वाढवा.

रेंडर थेट व्हिडिओत काढू नका. पीएनजी फ्रेमची मालिका काढा. रात्री १९० व्या फ्रेमला वीज गेली तर सकाळी १९० पासून पुढे सुरू करता येतं. व्हिडिओची अर्धवट फाइल बहुधा उघडतसुद्धा नाही.

आमचं मराठी निवेदन यूट्यूबवर टाकलं तर?

काढलं जाईल, किंवा त्यावर हक्क सांगितला जाईल. भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराकडेच असतो, आणि ‘मूळ हक्क त्यांचे’ असं खाली लिहिल्यानं परवानगी मिळत नाही. चित्र उलटं करून, वेग बदलून टाकायच्या युक्त्या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेपुढे फार टिकत नाहीत, आणि मुलाला उलट्या, घाईघाईच्या चित्रात बघण्यासारखं काही राहत नाही. घरात लावा, आजीची फाइल घरातल्या माणसांपुरती ठेवा. सगळ्यांना ऐकवायचंच असेल तर स्वतःचं पात्र बनवा. पांढरा रंग आणि पडद्याबाहेरचा निवेदक यांवर कुणाची मालकी नाही, निळ्या टोपीतल्या त्या पोराच्या रूपावर मात्र आहे.